साडेनऊची चार माणसं

बस आगाराच्या दुसऱ्या मजल्यावर, जिन्याला लागून असलेल्या खोलीत बसून ती बावीस वर्षं गाड्यांची वेळापत्रकं करत होती. कुठली गाडी किती वाजता सुटायची, कुठे किती थांबायची, चालक कुठे बदलायचा, अरुंद पुलावर दोन गाड्या समोरासमोर येऊ नयेत म्हणून कोणाला चार मिनिटं मागे ठेवायचं, हे सगळं तिच्या टेबलावर ठरायचं. आगारात तिला मिनिटबाई म्हणत. तोंडावर कोणी म्हणत नसे, पण तिला ते ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर मनातून आवडतही होतं. तिच्या नवऱ्याचं चष्म्यांचं दुकान होतं. तो म्हणायचा, आमच्या घरात दूधसुद्धा हिला वेळ विचारून उतू जातं.

तेव्हा दादाच्या सहलीचं काम तिच्याकडे आलं यात नवल नव्हतं.

दादा म्हणजे तिचा थोरला भाऊ. हाडाचा सुतार. दारं-खिडक्यांच्या चौकटी हा त्याचा हातखंडा. सात महिन्यांपूर्वी एका चौकटीवर रंधा मारता मारता तो त्याच चौकटीवर आडवा झाला. दवाखाना, ऑपरेशन, छातीवर गळ्यापासून खाली गेलेली टाक्यांची रेघ, आणि मग महिनोन्‌महिने खोलीतल्या खोलीत फेऱ्या. वहिनीने त्याला तळहातावरच्या फोडासारखं जपलं. आता कुठे डॉक्टरांनी सांगितलं होतं, एक दिवस बाहेर फिरून यायला हरकत नाही, चढ नको, घाई नको.

कुठे जायचं हे दादाने लगेच सांगितलं. गावापासून दोन तासांवर समुद्राला लागून जंगल होतं. रस्ता झाडीतून जायचा आणि मधूनमधून जमिनीची टोकं समुद्रात घुसलेली होती. अशी तीन टोकं. दुसरं आणि तिसरं टोक यांच्या मध्ये, उंचावर, एक चहाघर होतं. तीस वर्षांपूर्वी ते बांधलं तेव्हा समुद्राकडची मोठी खिडकी दादाने केली होती. लाकूड बसवून, पैसे घेऊन तो परतला आणि नंतर कधी तिकडे फिरकला नाही. "माझी खिडकी वाऱ्यात टिकलीय की नाही, एवढंच बघायचंय," तो म्हणाला.

मिनिटबाईने जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरला. कागदावर पेन्सिलीने रेघा मारल्या. साडेसातला निघणं. साडेनऊला जंगलाचं फाटक. सव्वादहाला पहिलं टोक, तिथे लाकडी फळ्यांची सपाट वाट आहे, दादाला झेपेल. मग दुसरं. साडेअकराला चहाघर, खिडकीजवळचं टेबल, दादाला बिनसाखरेचा चहा. सव्वाबाराला शेवटचं टोक, तिथे अगदी कडेला एक बाक आहे, त्यावर दादा बसेल. तीनला फाटकाबाहेर. पाचला घरी. ओहोटीची वेळसुद्धा जुळत होती. कागदाकडे बघून तिला, एखाद्या बाईला नीट जमलेल्या स्वेटरकडे बघून वाटावं तसं वाटलं.

त्याच संध्याकाळी वहिनीचा फोन आला. आवाज दबका होता, म्हणजे दादा शेजारच्या खोलीत असणार. सकाळची गोळी घेतली की तासभर त्याला गरगरतं, तो सांगत नाही, पण भिंत धरून चालतो. एक तास उशिरा निघालं तर चालेल का?

मिनिटबाईला मनातून राग आला. एक तास म्हणजे सगळंच सरकणार, ओहोटीही हुकणार. पण नाही कसं म्हणणार? तिने नवा कागद घेतला आणि प्रत्येक वेळेत एक मिळवला. जुना कागद चार तुकडे करून बटाट्याच्या सालांबरोबर टोपलीत टाकला. तो तिने कोणाला दाखवलाही नव्हता, निघायची वेळ तेवढी सांगितली होती.

दुसऱ्या दिवशी ऑफिसातून तिने जंगलाच्या फाटकावर फोन लावला. खासगी गाडी आत न्यायची तर आधी नोंद करावी लागते. तिथल्या कारकुनाने गाडीचा नंबर विचारला, वही उलटल्याचा आवाज आला, आणि तो म्हणाला की झालीय की नोंद. साडेनऊची, चार माणसं.

साडेदहा, तिने दुरुस्त केलं.

कारकून म्हणाला, वहीत साडेनऊ आहे. साडेदहाची हवी असेल तर दुसरी करतो. पहिली मात्र त्याला खोडता येणार नव्हती, वहीत खाडाखोड चालत नाही. कोणी केली ती नोंद, तिने विचारलं. एका बाईंनी, फोनवर. नंबर त्यांनीच सांगितला. त्याने वाचून दाखवला. नंबर तिच्याच गाडीचा होता.

वहिनी असेल, तिने स्वतःची समजूत घातली. मग चहाघराला फोन केला. चहाघरवालीचा आवाज मोठा आणि मोकळा होता. हो हो, टेबल ठेवलंय, ती म्हणाली, खिडकीजवळचं, साडेअकरा, चार माणसं, एकाला बिनसाखरेचा.

"तुम्हाला हे कोणी सांगितलं?"

"तुम्हीच की. म्हणालात ना, खिडकी आमच्या दादाने केलीय म्हणून? मी लगेच जाऊन पुसून काढली."

त्या रात्री तिने नवऱ्याला विचारलं, वहिनीला विचारलं. दोघांनी कानावर हात ठेवले. तिने आपल्या फोनमधली यादी तपासली, तसे फोन तिच्याकडून गेलेले नव्हते. आपणच केले आणि विसरलो, असं मानायची तिची तयारी होती, पण ते पटत नव्हतं. बावीस वर्षांत ती एक वेळ विसरली नव्हती. शेवटी आगारातल्या कोणीतरी थट्टा केली असेल, असं ठरवून तिने तो विषय मिटवला. चहाघराला साडेबाराचंही टेबल सांगून ठेवलं आणि दादाला काही कळू दिलं नाही.

सहलीच्या दिवशी ऊन स्वच्छ होतं. बरोबर साडेआठला गाडी निघाली. नवरा चालवत होता, त्याच्या शेजारी दादा, मागे दोघी. वहिनीने मोहरीच्या रंगाची शाल घेतली होती. डब्यात पाव, उकडलेली अंडी, सोललेली फळं. दादा सात महिन्यांनी गावाबाहेर पडत होता आणि लहान मुलासारखा प्रत्येक पाटी मोठ्याने वाचत होता. मध्येच मेव्हण्याला चिडवायचा, "जावईबापू, बैलगाडी बरी. निदान बैल तरी पुढे बघतात." वहिनी खिडकीकडे तोंड करून हसत होती. ती अशी हसलेली मिनिटबाईने कित्येक दिवसांत पाहिली नव्हती.

फाटकाशी ते दहा अठ्ठावीसला पोचले. पहारेकरी आडवा बांबू वर करायला आला आणि वाकून आत बघत म्हणाला, "परत आलात? बाहेर कधी पडलात, दिसला नाहीत?"

नवऱ्याला वाटलं, गंमत करतोय. तो हसला. पहारेकरी हसला नाही. त्याने मिनिटबाईला सही करायला टपरीत बोलावलं. नवराही मागोमाग आला.

वहीत तिच्या ओळीच्या वर आणखी एक ओळ होती. वेळ साडेनऊ. माणसं चार. गाडीचा नंबर. नंबरातल्या साताला मधोमध आडवी रेघ. आगारात एक आणि सात यांची गल्लत होऊ नये म्हणून ती नेहमी तशी रेघ मारायची. तिने खालच्या ओळीत लिहायला घेतलं, आणि सातापाशी आल्यावर हात थांबला. रेघ मारली नाही तर बरं, असं तिला वाटून गेलं. पण हाताने मारलीच. दोन ओळी एकाखाली एक दिसत होत्या. नवऱ्याने त्या पाहिल्या. डोळ्यांची पारख हाच त्याचा धंदा.

"आधीचे लोक कसे होते दिसायला?" तिने पहारेकऱ्याला विचारलं.

तो तिच्याकडे जरा वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "बाई, मागे गाड्या लागल्यात."

फाटकानंतर सुरूचं बन लागलं. मग खरं जंगल. झाडं इतकी दाट की दिवसाउजेडी हिरवा अंधार. समुद्र दिसत नव्हता, नुसता ऐकू यायचा, डाव्या अंगाने, कोणी मोठं जनावर शेजारून चालत असावं तसा. ओल्या पानांचा आणि मिठाचा वास गाडीत भरला. दादाने काच खाली केली आणि छातीवर हात ठेवून लांब श्वास घेतला. ऑपरेशननंतर त्याला ती सवय लागली होती. चालताना, बोलताना, उजवा हात टाक्यांवर.

पहिल्या टोकावर फळ्यांची वाट होती. सकाळच्या भरतीने वाळू वर उडाली होती आणि फळ्यांवर तिचा ओलसर थर बसला होता. त्यात बुटांचे ठसे होते. चार माणसांचे, जाताना आणि येताना. वहिनी दादाच्या कोपराला धरून चालत होती. दादाला दहा-बारा पावलांनंतर थांबावं लागायचं. तो थांबला. त्याच्या पायापुढेच दोन बूट जवळजवळ उभे राहिल्याचा ठसा होता, कोणीतरी तिथे थांबून दम घेतल्यासारखा. आणखी बारा पावलं. दादा थांबला. तिथेही तसाच.

तिसऱ्यांदा दादाने खाली पाहिलं, आणि आपला बूट त्या ठशात ठेवला. तंतोतंत बसला.

"माझ्याच मापाचा गडी दिसतोय," तो म्हणाला. "आणि माझ्यासारखाच खटारा."

वहिनीने त्याचा कोपर अधिक घट्ट धरला. त्या ठशांशेजारी एक लहान पाऊल होतं, दर वेळी तेवढंच जवळ.

गाडीत बसल्यावर मिनिटबाईने घड्याळ बघितलं. तिच्या आत काहीतरी सुरू झालं होतं, भीतीपेक्षा वेगळं. पुढची गाडी आणि मागची गाडी यांच्यातलं अंतर तिला समजत होतं. तेच तिचं काम. एक तास. वाटेत थोडं कापलं तर ते कमी करता येईल. ती म्हणाली, दुसरं टोक सोडून देऊ, नाहीतरी तिथे बघण्यासारखं काही नाही. नवऱ्याने आरशातून तिच्याकडे पाहिलं. तो म्हणाला, आपण परत फिरलो तर? ती म्हणाली, कशाला? कोणी आपली थट्टा करत असेल तर त्याला गाठूया. नवऱ्याने गाडी पुढे घेतली.

चहाघराशी ते बारा वाजून दहा मिनिटांनी पोचले. उंचावरची एकमजली इमारत, पुढे खडी घातलेलं अंगण, एकही गाडी उभी नाही. आत आठ-दहा टेबलं, सगळी रिकामी. समुद्राकडच्या भिंतीत दादाची खिडकी होती, माणसाच्या दीडपट उंच, सहा काचांची. दादा दारातच थांबला. मग तिच्याजवळ गेला आणि चौकटीच्या सांध्यावरून अंगठा फिरवला, आंधळा माणूस चेहरा चाचपडतो तसा. तीस वर्षांचा वारा आणि खारं पाणी, आणि सांध्यात नखही शिरत नव्हतं.

चहाघरवाली आतून ओला फडका घेऊन आली. त्यांना बघून तिचा चेहरा उतरला.

"चहा आवडला नाही का मघाशी?" तिने विचारलं.

खिडकीजवळचं टेबल तिने नुकतंच पुसलेलं होतं. लाकडावर पाणी अजून वाळलं नव्हतं. एका बाजूला चार कप रचलेले होते. मिनिटबाईने तिला बाजूला घेतलं आणि जमेल तितक्या शांतपणे विचारलं, की मघाशी कोण बसलं होतं इथे.

चहाघरवालीने एकेकाकडे पाहिलं. मग आवाज खाली आणून म्हणाली, "तुम्हीच. पण तेव्हा कोणी बोलत नव्हतं. आता बोलताय."

एवढंच बोलून ती आत गेली आणि न सांगता चार चहा घेऊन आली. एक बिनसाखरेचा. तो तिने दादासमोर ठेवला.

"कुठे गेले ते?" मिनिटबाईने विचारलं.

"शेवटच्या टोकावर. खाली गाडी लावून पायी जातात. पंधरा मिनिटं झाली असतील निघून."

मिनिटबाई उठून उभी राहिली. गाडीने पाच मिनिटं, त्यापुढे पायी दहा. ते अजून तिथेच असणार. ती म्हणाली, चहा राहू दे, आधी तिकडे जाऊ, समोरासमोर काय ते कळेल. नवरा किल्ली हातात घेऊन उभा होता, पण दाराकडे वळला नव्हता. वहिनी दादाकडे बघत होती.

दादा खुर्ची ओढून बसला. खिडकीकडे तोंड करून.

"मी नाही येत, छोटे."

"दादा, फक्त दहा मिनिटं..."

"तीस वर्षांनी आलोय. माझ्या खिडकीतून बघू दे मला." त्याने कपात फुंकर मारली. "जाऊ दे त्यांना पुढे. सगळ्यांच्या आधी पोचायलाच हवं, असं थोडंच असतं?"

लहानपणापासून ती दादाचा शब्द मोडत आली होती. तो सौम्य, ती हट्टी. पण त्याचा उजवा हात टाक्यांवर नव्हता. टेबलावर होता, सैल. सात महिन्यांत त्याचा हात असा मोकळा पडलेला तिने पाहिला नव्हता. ती बसली.

खिडकीतून छोटी खाडी दिसत होती आणि खाडीपलीकडे शेवटचं टोक. वर गवत, खाली तांबूस कडा, सरळ पाण्यात उतरलेला. कडेला बाक, एखाद्या आगपेटीच्या काडीएवढा.

चार माणसं टोकाकडे चालली होती. एकामागे एक.

वहिनीने ती आधी पाहिली. तिचा हात आपल्या शालीवर गेला. दुसऱ्या माणसाच्या खांद्यावर मोहरीच्या रंगाचा ठिपका होता.

नवऱ्याच्या गळ्यात दुर्बीण होती. त्याने ती डोळ्यांना लावली. बराच वेळ तो बघत राहिला. भिंग नीट करायला बोटं हलली, मग थांबली.

"काय दिसतंय?" मिनिटबाईने विचारलं.

त्याने दुर्बीण खाली घेतली, गळ्यातून काढली आणि पिशवीत ठेवून पिशवीची चेन लावली. तिने हात पुढे केला. त्याने मान हलवली.

"तिसरा जो आहे," दादा म्हणाला, "तो छातीवर हात ठेवून चालतोय."



पलीकडे तिसरा माणूस बाकाशी पोचला आणि बसला. बाकीचे तिघं जरा मागे, गवतात उभे राहिले. त्यातल्या एकीने मनगट डोळ्यांजवळ नेलं.

बारा वाजून पंचवीस मिनिटं झाली होती. मिनिटबाईला हे कळलं कारण तिनेही त्याच क्षणी घड्याळ पाहिलं होतं.

आधी पक्षी उडाले. कड्यातून, शेकडो.

मग आवाज आला. फार मोठा नाही. लांब कुठेतरी लाकडांचा ट्रक रिकामा करावा तसा. काचा थरथरल्या. चौकट थरथरली नाही.

टोकाचा पुढचा भाग खाली गेला होता. तांबडी धूळ पाण्यावरून हळूहळू पसरत होती. ती खाली बसली तेव्हा गवताची कड नव्या जागी होती. बाक नव्हता.

गवतात कोणीही दिसत नव्हतं.

चहाघरवाली फोनकडे धावली. दहा मिनिटांत जंगलखात्याची गाडी खालच्या रस्त्याने गेली, मग दुसरी, मग खाडीत एक होडी. नवराही खाली धावत गेला होता. तासाभराने परत आला तेव्हा त्याचे बूट चिखलाने भरले होते. तो म्हणाला, कोणी नाही. खाली गाडी नाही. होडीवाल्यांनी पाणी पालथं घातलं, टोपीसुद्धा मिळाली नाही. रक्षक म्हणाले, दरड कोसळली तेव्हा तिकडे कोणी नव्हतंच, देवाची कृपा.

"नव्हतंच?" वहिनीने विचारलं.

"ते असं म्हणाले," नवरा म्हणाला आणि आपल्या बुटांकडे बघत राहिला.

साडेचारला ते फाटकाशी आले. सकाळचा पहारेकरी जाऊन एक बाई आली होती. दरडीमुळे तिच्या डोक्याला ताप झाला होता, दोन फोन एकाच वेळी वाजत होते. मिनिटबाईने तिला विचारलं, सगळे बाहेर आले ना? त्या बाईने वहीवर बोट ठेवून सांगितलं, आत गेलेल्या गाड्या सत्तावीस, तुमची धरून बाहेर सत्तावीस. ती साडेनऊची गाडीही तीनलाच गेली, सही करून. एकही गाडी आत राहिलेली नाही.

हे ऐकलं आणि मिनिटबाईचा जीव भांड्यात पडला. कोण होते, कसे होते, देव जाणे, पण वाचले. आपल्या ओळीत सही करताना वरची ओळ तिने अंगठ्याखाली झाकून ठेवली. ती वाचायची तिला गरज वाटली नाही.

परतीच्या वाटेवर काय झालं कोण जाणे, पण गाडीतली हवाच बदलली. आधी वहिनी रडली, मग ती रडता रडता हसायला लागली, म्हणाली, मला एवढी भूक लागलीय की काही विचारू नका. विसरलेला डबा उघडला. चौघांनी अंडी आणि पाव असा खाल्ला की जणू तीन दिवसांचे उपाशी. दादा म्हणाला, माझ्या खिडकीने मला वाचवलं, आता तिचा सांभाळ चहाघरवालीने नीट करावा, मी पॉलिशला फुकट जाईन. मिनिटबाईने मनगटावरचं घड्याळ काढून पर्समध्ये टाकलं. नवऱ्याने ते आरशात पाहिलं आणि गाडी मुद्दाम हळू केली. कुठेतरी थांबून त्यांनी सूर्य मावळताना पाहिला, हे कुठल्याच कागदावर नव्हतं. इतकं हलकं तिला गेल्या सात महिन्यांत वाटलं नव्हतं. डोंगराएवढं ओझं उतरलं होतं आणि ते कशाचं होतं हेही आता विचारायचं नव्हतं.

दादाच्या घराशी पोचायला सात वाजले. इमारतीच्या तळमजल्यावर एक शिंपी राहायचा. म्हातारा, कामातून निवृत्त, पण शिवणयंत्र रस्त्याकडच्या खिडकीला लावलेलं, त्यामुळे येणारा-जाणारा त्याच्या नजरेतून सुटत नसे. दादाचे सदरे तोच शिवायचा.

दादा गाडीतून उतरला तसा शिंपी यंत्रावरून उठला. दार उघडून पायरीवर आला. त्याने दादाचे दोन्ही दंड धरले, मग चेहऱ्याला हात लावला, आणि त्याचे डोळे भरून आले.

"आहात ना? बरं झालं. मी दोन तास नुसता बसून होतो, टाका पडत नव्हता."

"मला काय धाड भरलीय?" दादा हसला.

शिंपी मिनिटबाईकडे वळला. आवाजात थोडी तक्रार होती. "पाचला तुम्ही आलात तेव्हा तिघंच होतात. मी खिडकीतून विचारलं, दादा कुठंयत? वहिनींनी वर पाहिलंसुद्धा नाही. या साहेबांनी त्यांना धरून वर नेलं. आणि तुम्ही नुसतं घड्याळ बघत राहिलात. एवढ्या जुन्या शेजाऱ्याला एक शब्द तरी सांगायचा."

रस्त्यावरून एक सायकल गेली. वहिनीने दादाचा हात हातात घेतला.

"खाली परत कधी आले ते?" नवऱ्याने विचारलं. त्याला या सगळ्याचं नवल वाटलेलं दिसत नव्हतं.

"मी इथून हललो नाही," शिंपी म्हणाला. "कोणी आलं नाही."

चौघं जिना चढले. दादाला दोनदा थांबावं लागलं आणि दोन्ही वेळा तिघांनी त्याला मध्ये घेतलं. दाराला कुलूप होतं, जसं सकाळी लावलं होतं तसं. वहिनीने उघडलं. नवऱ्याने सगळ्या खोल्या पाहिल्या, मोरी पाहिली, पलंगाखाली पाहिलं. घरात कोणी नव्हतं. खिडक्या बंद, भांडी जागेवर.

फक्त दादाच्या पलंगावरची गादी गुंडाळून भिंतीला उभी केलेली होती. माणूस परत झोपायला येणार नसला म्हणजे करतात तशी.

दादाने तिच्याकडे पाहिलं. मग पुढे होऊन त्याने स्वतःच ती पलंगावर पसरली, हाताने सारखी केली आणि बूट काढून आडवा झाला. "घरी आलो बाबा," तो म्हणाला, आणि डोळे मिटले. थोड्याच वेळात त्याचा श्वास एका लयीत चालू लागला. तिघं उभी राहून तो ऐकत होती. मिनिटबाईला वाटलं, असं रात्रभर उभं राहता येईल.

मान नीट टेकावी म्हणून वहिनीने कोपऱ्यात पडलेली उशी उचलली. उशी मधोमध भिजलेली होती, कोणीतरी तोंड खुपसून खूप वेळ रडल्यासारखी.

कोरडी बाजू वर घ्यावी म्हणून तिने ती उलटी केली. ती बाजूही ओली होती, आणि अजून कोमट.